दात कोणाच्या बाजूचे

"हे कोणाच्या बाजूनं आलं? आईच्या की वडलांच्या?" डॉक्टर चित्रांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावता लावता विचारलं, आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले.

एक्स-रे माझ्या मुलीचा, संयुक्ताचा. वय चौदा. वरच्या दोन मोठ्या दातांच्या डाव्या अंगाला जो दात असायला हवा तो नव्हताच. हिरडीत लपलेलाही नव्हता. उजवीकडे होता तो तांदळाच्या दाण्याएवढा. आम्ही दोन वर्षं "येईल, येईल, दुधाचा उशिरा पडला म्हणून हाही उशिरा येईल" म्हणत बसलो होतो. डॉक्टर म्हणाल्या, तो येणार नाही, कारण तो तयारच झालेला नाही. काही घराण्यांत असं चालत येतं.

"आमच्यांत असं कोणासच नाहीं," शेजारी बसलेल्या अत्यानं ठणकावून सांगितलं.

अत्या म्हणजे माझी सासू, धनलक्ष्मी. आणि माझ्या वडलांची सख्खी बहीणसुद्धा. आम्हा तंजावरच्या मराठी लोकांत आत्तेभावाशी लग्न होणं यात नवल काही नाही. मुलगी घरातल्या घरात राहते, स्वयंपाकाची चव बदलत नाही, भांडणंही जुनीच पुढं चालू राहतात. त्यामुळे आमच्याकडे 'कोणाच्या बाजूनं' हा प्रश्नच जरा चक्रम. पण अत्याला दोन बाजू स्पष्ट दिसत होत्या. एक तिची, आणि दुसरी माझ्या आईची, कुंभकोणमची. माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. गेलेल्या माणसाच्या दातांवर आळ घ्यायला कोणाचं काय जातं?

"आणि तुम्हाला?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. तोंड न उघडता जेवढं म्हणता येतं तेवढं.

खोटं बोलले. माझे त्याच जागचे दोन्ही दात नकली आहेत. एकवीस वर्षं ही गोष्ट मी नवऱ्यापासून, सासूपासून आणि पोटच्या मुलीपासून लपवून ठेवली होती.

वेंकटाशी माझं लग्न मी पाळण्यात असल्यापासून बोललेलं. अत्या लग्न होऊन इथं, आवडी या गावी आली, तिचे यजमान इथल्या फॅक्टरीत होते, आणि तंजावरला तिचं येणं आठ-दहा वर्षांतून एकदा. तिनं मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि अकराव्या वर्षी कोणाच्या तोंडात फटी नसतात? पुढं त्या फटी तशाच राहिल्या. मी विशीत आले, अत्याचं पत्र आलं की मुलगी पाहायचा विधी करून टाकू, आणि माझ्या अप्पांचं धाबं दणाणलं. अप्पा म्हणजे वडील, नाव कृष्णाजी. शाळेत कारकून. आयुष्यात कोणाला उलट बोलले नाहीत. ते म्हणाले, "धनू मज बहीण आहे खरी. पण सासू झाली कीं बहीण राहात नाहीं."

मग ते मला बसनं तिरुचिरापल्लीला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरनं फटीच्या दोन्ही अंगांचे माझे चार धडधाकट दात घासून खुंट्यांएवढे केले, आणि त्यांवर टोप्या बसवून मधे खोटे दात अडकवले. त्याला पूल म्हणतात. तो घासण्याचा आवाज अजून माझ्या कानांत आहे. परतताना स्टँडवर अप्पांनी सवयीनं माझ्यासाठी पेरू घेतला, मग माझ्याकडे पाहिलं आणि बसमध्ये तो स्वतःच खाल्ला. उतरताना एवढंच म्हणाले, "कोणास सांगूं नको. अत्यास तर नकोच."

मी सांगितलं नाही. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर ते नुसतं खोटं ठरलं असतं. एकवीस वर्षांनी सांगितलं तर फसवणूक ठरते, हे मला चांगलं कळत होतं. हसताना पदर तोंडाशी न्यायची सवय मला लागली, आणि लोक मला लाजाळू समजले. मी लाजाळू! माझ्या माहेरी कोणाला सांगितलं तर पोट धरधरून हसतील. नवऱ्याचं म्हणाल तर त्यांना स्वयंपाकघरातला नवा मिक्सर महिनाभर दिसला नव्हता. दात काय दिसणार?

असो. डॉक्टर चित्रांचं म्हणणं असं, की तारा लावून डावीकडची जागा नीट मोकळी करायची. अठराव्या वर्षापर्यंत तिथं काढघालीचा तात्पुरता दात, मग हाडात स्क्रू बसवून पक्का दात. उजवीकडचा दाण्याएवढा दात, फटी भरायचा दातांच्या रंगाचा मसाला लावून, मोठा करायचा. आम्ही माना डोलावल्या. पण बाहेर पडताच यांच्या मनात आलं की आणखी एका डॉक्टरला विचारावं, आणि तिथून आमच्या घराची शांती गेली.

अंबत्तूरचे डॉक्टर मधुसूदन म्हणाले, "जागा मोकळी कशाला? बंद करा! तो दाणा काढून टाकू, दोन्हीकडचे सुळे पुढं ओढू, त्यांची टोकं घासून आकार देऊ. सगळे दात तिचे स्वतःचे. जन्मभर कटकट नाही." त्यांनी अशा एका मुलीचे फोटो दाखवले. दोन मोठे दात आणि लगेच त्यांच्याशेजारी सुळे, आधी टोकदार, मग घासलेले. मुलगी छान हसत होती.

आम्ही परत चित्रांकडे. त्या म्हणाल्या, "तेही करता येतं. तिचा जबडा दोन्हीला चालेल. पण सुळा तो सुळाच, जरा जाड आणि पिवळसर दिसतो. तुम्ही ठरवा. पुढच्या शनिवारी तारा लावायच्या. एकदा दात एका दिशेनं निघाले की मग मत बदलू नका."

तुम्ही ठरवा! भाजी कुठली करू हे ठरवता येत नाही अशा घरात हे ठरवायचं होतं. एक उघडा म्हणतो, एक मिटा म्हणतो, दोघांच्याही भिंतीवर प्रमाणपत्रं. मी दिवसा उघडायचं ठरवायची, संध्याकाळी मिटायचं. वरच्या मजल्यावरची कुमुदिनी म्हणाली, तारांनी मुली वाळतात. माझे हे फॅक्टरीत मापं तपासायच्या विभागात आहेत. एका संध्याकाळी त्यांनी तिथला बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर आणला, डेटॉलनं पुसला आणि पोरीच्या तोंडात घातला. "चार पॉइंट दोन," ते गंभीरपणे म्हणाले. मी विचारलं, "मग उघडायचं की मिटायचं?" तर म्हणाले, "ते नाहीं कळूलागलं. पण चार पॉइंट दोन आहे."

आणि अत्या? तिचा एकच धोशा. "हें कुंभकोणमचं. विजी, तुझ्या आईच्या माणसांचे दात मी पाहिलेत. आमच्या बाजूला या म्हणावं दात मोजायला!" खरंच, सदुसष्टाव्या वर्षी अत्याचे दात कोणालाही हेवा वाटावा असे. तरुणपणी तिला घरात वाघीण म्हणत, त्या टोकदार दातांमुळे आणि स्वभावामुळेही. मी गिळून गप्प बसायची. आईची बाजू घ्यायला तोंड उघडायचं, तर आधी त्या तोंडात काय आहे ते सांगायला हवं होतं.

आणि संयुक्ता? शाळेच्या ग्रुप फोटोत ती एकटी ओठ मिटून उभी होती, बाकी चाळीस मुली खिदळत होत्या. बुधवारी मी तिची वेणी घालत होते तेव्हा ती आरशात बघून म्हणाली, "अम्मा, सगळ्यांचे टीथ नॉर्मल. अज्जीचे, अप्पांचे, तुझे. ओन्ली मीच कां अशी?"

मी वेणी सोडून पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.

"आणि खोटा दात असला तर कसं वाटतं, हें कोणास विचारूं? डॉक्टरना ठाऊक नाहीं. त्यांचे तर खरे आहेत. ज्याला आहे तोच सांगूं शकेल ना?"

मला ठाऊक होतं. थंड पाणी लागलं की कसं वाटतं, पेरू सुरीनं कापूनच का खावा लागतो, डावी टोपी गेल्या सहा महिन्यांपासून कशी हलते आणि तिच्याखाली काय कुजत असेल या विचारानं कसं होतं, सगळं ठाऊक होतं. पोरीला साऱ्या आवडी गावात ज्या एका माणसाची गरज होती ते माणूस तिच्या मागं उभं राहून वेणी घालत होतं. आणि मी काय म्हणाले? "डॉक्टरबाईंना विचारू हं शनिवारी." मला माझीच शिसारी आली.

शुक्रवारी गोकुळाष्टमी होती. दारापासून देवापर्यंत कृष्णाची पावलं काढून झाली, नैवेद्य झाला, आणि आम्ही चौघं सीडै खायला बसलो. सीडै म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोळ्या, सुपारीसारख्या टणक. मी दरवर्षी त्या कॉफीत बुडवून, मऊ करून खाते. मला तशाच आवडतात असं सगळ्यांना वाटतं. अत्या मात्र दरवर्षी एक सीडै समोरच्या दातांत धरून फोडून दाखवते. हा तिचा सणाचा कार्यक्रमच.

"ये कण्णा, पाहा," तिनं संयुक्ताला जवळ बोलावलं. "ह्याला दात म्हणायचं. आमचं रक्त!" आणि कट्कन सीडै फोडून ती तोंड पसरून हसली.

मी पाहिलं. गेले तीन आठवडे मी दातांशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. एक्स-रे, फोटो, प्लास्टरचे साचे. भाजीवाली हसली तरी मी तिचे दात मोजत होते. तशीच सवयीनं अत्याचेही मोजले. दोन मोठे. मग उजवीकडे सुळा. डावीकडे सुळा.

मधे काहीच नाही.

मी गोंधळले. माझीच नजर चुकली असेल. "अत्या, परत हसा बघू."

"कां गे?"

"हसा ना."

ती हसली. दोन मोठे, आणि लगेच सुळे. डॉक्टर मधुसूदनांच्या फोटोतली, टोकं घासायच्या आधीची मुलगी सदुसष्ट वर्षांची होऊन माझ्यासमोर सीडै चघळत होती. फट नव्हती, कारण सुळेच आपणहून पुढं येऊन बसले होते. म्हणून तर ती वाघीण! जन्मभर सगळ्यांनी ते टोकदार दात पाहिले आणि मोजले मात्र कोणी नाहीत.

मी गप्प बसायला हवं होतं. पण तीन आठवडे माझी आई त्या घरात रोज शिव्या खात होती.

"अत्या, तुम्हालाच नाहीत ते दात," मी म्हटलं. "एक नाही, दोन्ही नाहीत. कुंभकोणमचं नाव घेऊ नका. आलं ते तुमच्याकडून."

"पो गे, वेड लागलं तुला!" अत्या हसायला लागली. पण संयुक्ता तोवर उठून आरसा घेऊन आली होती. अत्यानं आरशात पाहिलं. बोटानं मोजलं. मग यांच्याकडे वळली. "वेंकटा, तोंड उघड." यांनी मुकाट्यानं आ केला. अत्यानं मुलाच्या तोंडात बोट घालून मोजलं. दोन मोठे, मग दोन लहान, मग सुळे. परत स्वतःच्या तोंडात. परत मुलाच्या.

"मज नाहींत," ती हळूच म्हणाली. "अय्यो. मज नाहींतच."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, अर्धा क्षण. मग अत्यानं पदर उचलला आणि तोंडावर धरला. सदुसष्ट वर्षांत जिनं कधी तोंड झाकलं नव्हतं, भर लग्नात जिचं हसणं मांडवाबाहेर ऐकू जायचं, ती बाई पदराआडून माझ्याकडे बघत होती. ती खूण माझी होती. एकवीस वर्षं मी रोज केलेली. ती मी तिला देऊन टाकली होती, स्वतः शहाजोगपणे हात मोकळे ठेवून.

मला सहन झालं नाही.

"मलाही नाहीत," मी म्हटलं.

कोणाला काही कळलं नाही. मग मी संयुक्ताला जवळ ओढलं, ओठ वर केला आणि डावी टोपी बोटानं हलवून दाखवली. "हा खोटा. इकडचा हाही खोटा. लग्नाच्या आधी माझ्या अप्पांनी मला तिरुचिरापल्लीला नेऊन बसवून आणले. चार चांगले दात घासून."

"कुठले?" हे पुढं वाकून विचारत होते. "खोटे कुठले?" मी अजून दाखवतच होते, तरी त्यांना दिसेना. त्या गोंधळातही मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही.

अत्याचा पदर अजून तोंडावर होता. "कोणास भिऊन?" तिनं विचारलं.

"तुम्हाला."

"कृष्णाजी? मज भ्याला?"

मी मान हलवली. अत्यानं पाटावरच्या कृष्णाच्या तसबिरीकडे पाहिलं. मी मनाशी म्हणत होते, आता ही म्हणेल, अगो वेडे, मला सांगितलं असतं तर मी काय तुला टाकलं असतं? सगळी माणसं मागाहून असंच म्हणतात. अत्या तसं म्हणाली नाही.

"बरोबर भ्याला," ती म्हणाली. "मी नको म्हटलं असतं, विजी. खरं सांगतें. त्या फटी पाहून मी सख्ख्या भावाची मुलगी नको म्हटली असती. ह्या तोंडानं."

आणि ती रडू लागली. मला राग यायला हवा होता, आणि मी शोधून पाहिला, पण सापडला नाही. माझ्या अप्पांनी बसमध्ये खाल्लेला तो पेरू तेवढा आठवला.

संयुक्ता मात्र रडत नव्हती. तिनं कपाटातून टॉर्च आणली. आधी अज्जीला आ करायला लावलं, मग मला. परत अज्जीला. चौदा वर्षांच्या पोरीनं आम्हा दोघींना तसं तासभर तरी छळलं. खोट्या दातानं चव लागते का? बोलताना कळतं का? दुखतं का? मी सगळं सांगितलं, थंड पाण्यासकट. हेही सांगितलं की माझा पूल जुन्या पद्धतीचा, चित्राबाई म्हणतात तो स्क्रूचा दात वेगळा, शेजारच्यांना हात न लावता बसतो. मला तिला भीती घालायची नव्हती. एकदाचं खरं सांगायचं होतं.

"अज्जी, तुला कधीं दुखलं?"

"मज ठाऊकच नव्हतं, कण्णा, तर दुखेल कसं?"

संयुक्ता हसली. टॉर्चच्या उजेडात तिची फट आणि तो तांदळाचा दाणा दोन्ही दिसले, आणि तिनं हात वर नेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी चित्रांकडे गेलो. जाताना गाडीत मला पुन्हा धाकधूक सुरू झाली होती. उघडायचं की मिटायचं, माझं अजूनही काही ठरत नव्हतं. पण संयुक्ता खुर्चीत बसली आणि तिनंच सांगितलं, "मिटवा. अज्जीसारखे. पण टोकं घासून, मला वाघीण नाहीं व्हायचं." डॉक्टरांनी साचे काढले, परत मापं घेतली, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "चालेल. चांगलं होईल."

मग त्यांनी तिचा कागद पुढं ओढला. "त्या दिवशी एक रकाना रिकामा राहिला होता. घरात आणखी कोणाला आहे का असं? कोणाच्या बाजूनं?"

अत्या सकाळपासून तोंडावर पदर धरून होती. गाडीतही तिनं तो खाली केला नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर काढून मांडीवर ठेवला आणि तोंड भरून सांगितलं, "आमच्या. लिहा. दोन्ही बाजू आमच्याच."

डॉक्टर पेन हातात धरून गोंधळून आमच्याकडे बघत राहिल्या. तेव्हा मी माझी खुर्ची दिव्याखाली ओढली आणि कोणी सांगायच्या आधी तोंड उघडलं.